तांडेलाचं चाक

माझा पारा लवकर चढतो, हे आधीच सांगून टाकते. बोईसरला नवापूर रस्त्यावर माझा मोटार ड्रायव्हिंगचा क्लास आहे. माझ्याकडे शिकून गेलेल्या बायका नव्या बायकांना सांगतात, की स्वाती मॅडमकडे आधी ओरडा खायचा, मग क्लच शिकायचा. माझं माहेर जळगावकडचं. आमच्याकडे आवाज मुळातच मोठा असतो, असं मी म्हणते. माझा नवरा तारापूरच्या कारखान्यात शिफ्टला जातो, तो म्हणतो की जळगावची माणसं त्याने आणखीही पाहिली आहेत.

तर अशा माझ्याकडे एका सकाळी सातपाटीहून इंदुबाई आल्या. अंगावर कासोटा घातलेलं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, आणि मागून एक पाऊल अंतर ठेवून येणारा उंचापुरा, जाड भुवयांचा नवरा. मला वाटलं सुनेचं किंवा लेकीचं नाव घालायला आल्या असतील.

"मला शिकायचं हाय," इंदुबाई म्हणाल्या.

मागचे गृहस्थ म्हणाले, "आणि मी बगाला येनार."

हे मारुती तांडेल. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य माणूस, सुकाणू त्याच्या हाती. त्यांची सगळी उमर तिथेच गेली होती. अंगाला झेपेना तेव्हा बोट पुतण्याला दिली. मग हातात उरली एक जुनी निळी गाडी, डिझेलची, सात माणसं बसतील अशी. तिच्यातून ते बायकोची मासळीची टोपली बोईसरच्या बाजारात पोचवायचे आणि कुणाचंही लग्न असलं की वऱ्हाड घेऊन जायचे. मग उजव्या डोळ्याचा पडदा गेला. लायसन पुढे वाढवून मिळालं नाही. मुलगा भाग्येश तारापूरच्या प्लांटवर नोकरीला आणि राहायलाही तिकडच्या कॉलनीत. त्याने सरळ सांगितलं, की खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली गाडी सडते. चालवणारं कुणी नसेल तर दिवाळीच्या आत विकून टाकू. त्यावर इंदुबाई म्हणाल्या होत्या, "गाडी कुठं जात नाय. मी चालवीन."

"ह्यांच्या हातातनं बोट गेली," त्यांनी मला नवऱ्याच्या देखतच सांगितलं. "आता चाक पन गेलं, तं मानूस खुर्चीत बसून भिंत बगत ऱ्हाईल."

"मी भिंत नाय बगत. समिंदर बगतो," तांडेल म्हणाले.

"समिंदर भिंतीच्या मागं हाय," इंदुबाई म्हणाल्या, आणि फॉर्मवर सही करायला पेन मागितलं.

माझी शिकवायची गाडी छोटी, नवी, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची. मला तिचा फार अभिमान. दुसऱ्या दिवशी चिंचणीच्या रस्त्याला लागायच्या आधी मी इंदुबाईंना सांगितलं, "एका बोटानं फिरतं बघा चाक. तुम्हाला काही त्रास नाही."

त्यांनी एक बोट लावलं. चाक फिरलं. त्या हरखल्या. मागच्या सीटवरून आवाज आला, "मेल्या पापलेटासारखं हाय."

"काय?"

"चाक. जीव नाय त्याच्यात. आमच्या निळीचं चाक बग, हायड्रॉलिक हाय. इंजिन पंप फिरवतो, पंप तेल ढकलतो, तेल चाकाला हात देतं. खाली खड्डा आला, वाळू आली, पानी आलं, सगळं तेलातनं वर हातात येतं. तुज्या गाडीत काय येतं हातात? काय नाय!"

मी म्हटलं, "तांडेलकाका, तुमचा पंप चाक सरळ असलं तरी इंजिनावर बसून डिझेल खातो. माझी मोटर वळायच्या वेळेपुरती करंट घेते. तुमचं तेल गळतं, पाइप फुटतो, पट्टा तुटतो. माझ्यात तेलच नाही, तर गळणार काय?"

"आनि करंट गेला तं?"

"पट्टा गेला तर?"

"पट्टा मी बशवीन. तुजा कम्प्युटर कोन बशवील? तुजा नवरा?"

माझ्या नवऱ्याला घरातला पंखा दुरुस्त करता येत नाही. पण हे यांना कसं कळलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

अशी आमची रोजची भांडणं सुरू झाली. दोघांच्या मधे इंदुबाई गाडी शिकत होत्या. क्लच त्यांना चटकन आला, गिअर तर पहिल्याच दिवशी. ब्रेकवर पाय असा हलका, की मी दुसऱ्या शिकाऊ बायकांना त्यांचं उदाहरण द्यायला लागले. पण गाडी सरळ जाईना. मधेच, काही कारण नसताना, ती उजवीकडे सरकायची. मी चाक धरून तिला परत आणायची, की थोड्या वेळाने डावीकडे. एकदा समोरून एमआयडीसीचा टेम्पो येत असताना आम्ही थेट त्याच्या तोंडावरच गेलो. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून निभावलं. टेम्पोवाला खिडकीतून ओरडला, "अरे मौसी, सड़क पे चलाओ, मेरे ऊपर नहीं!"

"चाक वाऱ्यानं फिरतंय," तांडेल मागून म्हणाले. "मी बोललो होतो."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मी उसळले. "इंदुबाई, लक्ष कुठे असतं तुमचं? मी आरशात बघा म्हटलं की तुम्ही गाडीच घेऊन निघता!"

इंदुबाईंनी गाडी सुरूच्या झाडांखाली उभी केली. त्या रागावल्या नाहीत. एरवी बाजारात त्यांच्या तोंडाला कुणी लागत नाही म्हणतात. त्या खाली बघून एवढंच म्हणाल्या, "नाय जमलं, तं गाडी जाईल ना ओ, बाय?"

मला माझ्या जिभेचा राग आला.

त्या आठवड्यात मी सातपाटीला गेले. सुकट घ्यायची होती, आणि खरं म्हणजे ती बहुगुणी निळी गाडी एकदा डोळ्यांनी बघायची होती. बंदराकडून येणाऱ्या गल्लीत मला पुढे इंदुबाई दिसल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भरलेली टोपली, दोन्ही हात मोकळे सोडून झपाझप चालल्या होत्या. टोपली तसूभरही हलत नव्हती. मी हाक मारली.

त्या थांबल्या, आणि वळल्या. म्हणजे पावलं वळली, कंबर वळली, खांदे वळले, आणि त्यांच्याबरोबर डोकं वळलं. मान जागची हलली नाही.

मी तिथेच कपाळावर हात मारून घेतला. अहो, लहानपणापासून डोक्यावर वजन घेऊन चालणारी बाई मान कशाला वळवेल? मान वळवली की टोपली खाली. तिला उजवीकडे बघायचं तर ती सगळी उजवीकडे वळणार. आणि मी तिला सांगत होते, आरशात बघा. ती आरशात बघताना खांद्यासकट वळत होती, खांद्याबरोबर हात, हातांबरोबर चाक. आणि माझं लाडकं इलेक्ट्रिक चाक वेग कमी असला की सगळ्यात हलकं होतं. वेग वाढला की तेच स्वतःहून घट्ट होतं, पण शिकाऊ बाई वेगात कशाला जाईल? खांदा बोटभर सरकला तरी गाडी रस्ता सोडत होती.

त्यांच्या घरी ओट्यावर बसून मी दोघांना हे समजावलं. तांडेल इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"लगीन झाल्यापासनं हिनं माज्याकडं कधी मान वळवून बगितलं नाय," ते म्हणाले. "मला वाटायचं, लाजते."

"लाजायला काय होतं तुमच्यात?" इंदुबाई म्हणाल्या, आणि सगळ्या वळून आत चहा ठेवायला गेल्या.

मग तांडेल माझ्याकडे बघून भुवया उडवायला लागले. ते काय म्हणणार ते मला ठाऊक होतं, आणि ते त्यांनी म्हणू नये असं मला फार वाटत होतं. निळी गाडी दारात उभी होती. तिचा पंप म्हातारा झालेला, चाक जड. खांदा बोटभर सरकला म्हणून हलणारं ते चाक नव्हतं.

"काढू का चावी?" ते म्हणाले.

नाइलाजाने मी हो म्हटलं. निळीला माझ्या बाजूला ब्रेक नाही, म्हणून पहिले काही दिवस मुरबे गावाच्या बाजूच्या मोकळ्या मैदानात जीव मुठीत धरून बसले. पण इंदुबाईंनी ती गाडी अशी सरळ नेली, की मला बोलायला जागा उरली नाही. त्या आरशात बघताना खांद्यासकट वळत, चाक त्यांचं वळणं मनावर घेत नसे आणि गाडी आपली समोर. वळायचं असलं की मात्र त्या दोन्ही हातांनी जोर लावून चाक ओढत, जाळं ओढावं तसं.

तांडेलांचा चेहरा बघवत नव्हता. गल्लीत भेटेल त्याला हायड्रॉलिकची थोरवी सांगत सुटले. "बोईसरची म्याडम," ते माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "ही पन मान्य करते." मी काहीही मान्य केलेलं नव्हतं. गप्प बसले होते, एवढंच.

पालघरला परीक्षा झाली त्या दिवशी इंदुबाई निळी गाडी घेऊनच गेल्या. साहेबांनी आठचा आकडा काढायला लावला, चढावर थांबवलं, उलटी घ्यायला लावली. उतरल्यावर ते मला म्हणाले, "बाई खांदे फार हलवतात, पण गाडी नाही हलली." पास! इंदुबाईंनी पदराने तोंड पुसलं तेव्हा मला कळलं, की त्या रडत होत्या. तांडेलांनी निळीच्या बॉनेटवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पापलेटं आली, एवढी मोठी की माझ्या कढईत मावेनात. भाग्येशनेही शब्द पाळला. गाडी राहिली.

इथे गोष्ट संपली असती तर तांडेल जन्मभर माझ्यासमोर मिशीवर ताव मारत फिरले असते, आणि मी ते सोसलंही असतं.

गणपती होऊन गेले. एका दुपारी क्लासच्या दारात एसटीतून उतरलेले तांडेल उभे. एकटेच. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. मला वाटलं आता आणखी कसली तरी बढाई मारायला आले. मी म्हटलं, "या! हायड्रॉलिकचं मंदिर बांधायचं ठरलं का सातपाटीत?"

ते हसले नाहीत. खुर्चीच्या टोकावर बसले. पाणी दिलं ते पुरतं प्यायले.

"इंदूचा खांदा गेलाय," ते म्हणाले. "बोलत नाय ती. पन लुगडं नेसताना हात वर जात नाय. आमच्या गल्ल्या तू बगितल्यास. एक वळन घ्यायचं तं चार वेळा पुढं, चार वेळा मागं. गाडी उभी असताना ते चाक फिरवायचं म्हंजे... मी फिरवायचो तेव्हा मला जड लागत नव्हतं. मला वाटलं, जडच नाय."

मी त्यांचा पेला पुन्हा भरला.

"तिला तुजं हलकं चाक शिकव," ते म्हणाले. "भाग्येश त्याची छोटी गाडी देतो बोललाय. त्याला कंपनीची बस हाय. ती पन तुज्या गाडीसारखीच, करंटवाली."

"पण काका, हलक्या चाकावर त्या भरकटतात. मानेचं काय?"

"मान मी शिकवतोय," ते म्हणाले, आणि आता त्यांच्या ओठांच्या कडेला थोडं हसू आलं. "ती मासळी साफ करायला बसली की मी डावीकडनं हाक मारतो. ती अख्खी वळली की मी बोलतो, नापास. मग उजवीकडनं मारतो. काल कोयता फेकला माज्यावर. पन फेकताना मान वळली, अंग नाय वळलं."

मला हसू आवरेना. मग हसता हसता विचारलं, "आणि निळी?"

"विकायची."

"इंदुबाई विकू देतील? त्यांनी तर तिच्यासाठीच..."

"नाय देनार. म्हनून तं तुज्याकडं आलो." त्यांनी दाराकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना अशा चोरट्या नजरेने. "तिला मी सांगितलंय, पंप गेला. चाक आता फिरतच नाय, दगड झालाय. पार्ट मिळत नाय. पन तिचा इस्वास बसला पायजे ना. तू सांग. तू बोल, की हायड्रॉलिकचा जमाना गेला, बेकार असतं ते, तेल गळतं, डिझेल खातं, जे काय तू मला बोलायचीस ते सगळं. तिला माज्यासाठी गाडी ठेवायची हाय. मला ती नको, हे तिला माज्या तोंडानं खरं वाटनार नाय."

किती दिवस मी या माणसाच्या तोंडून एवढंच ऐकायला टपले होते. आता तो स्वतः येऊन माझ्याच तोंडातले शब्द मागत होता, आणि मला त्याची एक गंमत करवेना. मी म्हटलं, "सांगते."

"आनि मी आलो होतो ते नको सांगू."

"नाही सांगत."

उठताना ते दारात थांबले. "तरी पन," ते म्हणाले, "चाक मेलेलंच हाय तुजं." आणि एसटी पकडायला गेले.

पुढच्या सोमवारी इंदुबाई आल्या. माझ्या गाडीत, माझ्या चाकावर, तांडेलांशिवाय. मी ठरवल्याप्रमाणे रस्ताभर हायड्रॉलिकला नावं ठेवली. पंप कसा खातो, पाइप कसा फुटतो, जुन्या गाडीचे पार्ट कसे मिळत नाहीत. चिंचणीच्या वळणावर त्यांनी नुसत्या मानेनं आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि गाडी सुतासारखी वळली. मी बोलत होते त्यातलं त्या काहीही ऐकत नव्हत्या असं मला वाटलं.

समुद्र दिसायला लागला तिथे त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि हात मांडीवर ठेवले.

"बाय, पुरे आता," त्या म्हणाल्या. "पंपाला काय झालं नाय."

"म्हणजे?"

"पंपाचा पट्टा ह्यांनी सोताच काढला. मग चाक दगड व्हनार नाय तं काय? आनि तो लपवला कुठं, तं सुक्या बोंबलाच्या डब्यात. मासळी विकनारीच्या घरात, बोंबलाच्या डब्यात!" त्या हसायला लागल्या. खांदा दुखत असणार, कारण हसताना त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरला. "मी झाकन लावून परत ठेवला."

"अहो, मग बोलला का नाहीत? पट्टा परत बसवला असता, गाडी राहिली असती. तुम्ही एवढं शिकलात ते त्यांच्या गाडीसाठीच ना?"

इंदुबाईंनी काच खाली केली. ओहोटी लागलेली होती, आणि पाणी पार आत गेलं होतं.

"चाकाला एवढा जोर लागतो, ते त्यांना इतक्या वर्सांत कधी कळलं नाय," त्या म्हणाल्या. "टोपलीला किती लागतो, ते पन नाय कळलं. आता कळलं, तं जल्मात पयल्यांदा हरलेत. आनि माज्यासाठी हरलेत. मी पट्टा काढून दाखवला की निळीचं चाक परत फिरंल, आनि हे लगेच जिंकतील ना, बाय. ऱ्हाऊ दे, हरू दे त्यांना थोडं."

त्यांनी चावी फिरवली आणि गाडी सातपाटीच्या दिशेनं घेतली.